प्रत्येक कार्ड दोनदा

पंच कार्ड कडेनेच धरायचं, मधे बोट लावायचं नाही. घामाचा ओलावा लागला की कागद फुगतो आणि फुगलेलं कार्ड मशीनमध्ये अडकतं. तळेगाव स्टेशनजवळच्या सोसायटीत राहणाऱ्या एक निवृत्त बाई आजही कार्ड तसंच धरतात. वय सत्तरीच्या पुढे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पिंपरीतल्या एका कारखान्याच्या डेटा प्रोसेसिंग विभागात त्या पंच ऑपरेटर म्हणून लागल्या. नाव छापू नका, एवढंच त्यांचं म्हणणं. "काम सगळ्याजणींनी केलं, माझ्या एकटीचं नाव कशाला?"

कार्ड खिडकीसमोर धरून त्या भोकं वाचतात. ऐंशी उभे कॉलम, बारा आडव्या ओळी. वरची ओळ बाराची, तिच्याखाली अकराची, मग शून्य ते नऊ. आकडा असेल तर कॉलममध्ये एकच भोक, अक्षर असेल तर दोन. अकरा-सात म्हणजे पी. बारा-एक, ए. शून्य-तीन, टी. बारा-नऊ, आय. अकरा-तीन, एल. "पाटील," त्या म्हणतात आणि पुढच्या चार कॉलमांवरून त्या कामगाराचा तिकीट नंबर सांगतात. कार्डाच्या वरच्या कडेला हीच अक्षरं बारीक छापलेली असतात, पण त्यांची नजर तिकडे जात नाही.

कॉलमची ही रचना आयबीएमने १९२८ मध्ये आणली. माणसांची नोंद भोकांनी करायची कल्पना त्याहून जुनी. हर्मन हॉलरिथने अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत ती वापरून दाखवली होती. पिंपरीतल्या पगारपत्रकापर्यंत ती यायला पाऊण शतक गेलं.

पगाराचं काम दर महिन्याला एकाच क्रमाने व्हायचं. खात्याखात्यांतून हजेरीचे तक्ते यायचे. त्यांतले आकडे चौकटी आखलेल्या कोडिंग शीटवर उतरवले जायचे. शून्य आणि ओ, एक आणि आय यांचा घोटाळा होऊ नये म्हणून ते कसे लिहायचे याचा नियम ठरलेला असे. मग शीट पंचिंगच्या खोलीत. तिथे यंत्रांच्या रांगा आणि कानठळ्या बसवणारा आवाज. की दाबली की पोलादी पंच कागदातून आरपार जायचा आणि कार्ड एक कॉलम पुढे सरकायचं. कापलेले चौकोनी तुकडे यंत्राखालच्या डब्यात पडायचे. चुकलेलं भोक बुजवता येत नसे. अर्ध्यावर चूक लक्षात आली तर कार्ड बाद आणि नवीन कार्ड सुरू. जुन्या कार्डावरचे बरोबर कॉलम मात्र यंत्र स्वतःच नव्या कार्डावर उतरवून द्यायचं, तेवढी सोय होती.

दुसरी सोय ड्रम कार्डाची, आणि तिच्याबद्दल सांगताना बाईंचा उत्साह लपत नाही. यंत्रात एक छोटं नळकांडं असे. त्याच्याभोवती आणखी एक पंच केलेलं कार्ड गुंडाळायचं. कुठला कॉलम सोडून पुढे जायचं, कुठला मागच्या कार्डावरून उचलायचा, कुठे अक्षरं आणि कुठे आकडे, हे त्या कार्डावरच्या भोकांनी ठरे. महिना आणि खात्याचा कोड शेकडो कार्डांवर सारखाच असायचा. ड्रम कार्ड नीट बनवलं की ते कॉलम आपोआप भरत आणि ऑपरेटरची बोटं थेट तिकीट नंबरवर येत. आज याला प्रोग्रॅमिंग म्हटलं असतं. तेव्हा तो कामाचा भाग होता, त्याचा वेगळा पगार नव्हता.

पंच झालेला गठ्ठा लगेच संगणकाकडे जात नसे. तो दुसऱ्या ऑपरेटरकडे जायचा. तिच्यासमोर पंचिंग मशीनसारखंच दिसणारं व्हेरिफायर. तिने मूळ शीट समोर ठेवून सगळं पुन्हा टाइप करायचं. हे यंत्र भोक पाडत नाही, आधी पडलेलं भोक आणि आत्ता दाबलेली की जुळते का ते तपासतं. जुळली नाही की यंत्र थांबायचं आणि दिवा लागायचा. पुन्हा प्रयत्न करूनही जुळली नाही, तर त्या कॉलमच्या डोक्यावर कार्डाच्या कडेला खाच पडायची. सगळं कार्ड बरोबर निघालं तर खाच उजव्या कडेला. उजव्या खाचांचा गठ्ठा सरळ धरला की कडेला एक सलग खोबण दिसे. खोबण तुटली असेल तिथलं कार्ड तपासलेलं नाही किंवा चुकलेलं आहे, हे एका नजरेत कळे. ज्या बाईने पंच केलं तिने व्हेरिफाय करायचं नाही, हा नियम कडक होता. स्वतःचं वाचन चुकलं असेल तर माणूस तीच चूक पुन्हा करतो.

मेनफ्रेम संगणकांच्या काळाबद्दल जे थोडंफार लिहिलं जातं, त्यात यंत्राचं नाव येतं, ते आणणाऱ्या साहेबांचं येतं, प्रोग्रॅमरचं येतं. एका आकड्याखातर दोन माणसांनी दोनदा केलेल्या कामाचा उल्लेख क्वचितच सापडतो. संगणकाने काढलेला पगार बरोबर असतो, हा विश्वास कारखान्यांत रुजला तो या दुसऱ्या ऑपरेटरमुळे. ओव्हरटाइमचे चार तास चाळीस झाले नाहीत, कारण कोणीतरी ती शीट पुन्हा वाचली होती.

पुढचं काम सॉर्टरचं. हे यंत्र एका फेरीत एकच कॉलम बघतं आणि भोक ज्या ओळीत असेल त्या कप्प्यात कार्ड टाकतं. चार आकडी तिकीट नंबर लावायचा तर चार फेऱ्या, आणि सुरुवात शेवटच्या आकड्यापासून. आधी एकं, मग दहं, शतक, हजार. प्रत्येक फेरीनंतर कप्प्यांतले गठ्ठे शून्यापासून नऊपर्यंत क्रमाने उचलून एकावर एक ठेवायचे, की पुढची फेरी. नवख्या माणसाला हे उलटं वाटतं. पण हजारापासून सुरुवात केली तर प्रत्येक कप्पा वेगळा सांभाळत पुन्हा फोडावा लागतो. एकंपासून गेलं की चौथ्या फेरीच्या शेवटी अख्खा कारखाना ओळीत उभा. आयबीएमचं ०८३ सॉर्टर मिनिटाला हजार कार्डं असा वेग गाठायचं. गठ्ठा उचलताना एक जरी वर-खाली झाला तरी सगळं मुसळ केरात.

प्रोग्रॅमही कार्डांवरच पंच होत; त्यांचे गठ्ठे हातातून पडण्याची भीती वेगळी. फोरट्रान भाषेत मजकूर ७२ व्या कॉलमपर्यंतच चाले. उरलेल्या आठांत क्रमांक टाकून ठेवला तर सांडलेला गठ्ठा सॉर्टरवर पुन्हा लावता येई. घाईच्या वेळी गठ्ठ्याच्या वरच्या कडेवर पेनाने तिरकी रेघ ओढत. रेघ तुटलेली दिसली की कार्ड जागेवर नाही हे समजे.

हे सगळं आपल्याच परिसरात घडत होतं. मुंबईत एस्सो कंपनीने १९६१ मध्ये आयबीएम १४०१ बसवला, तो देशातल्या उद्योगांतला पहिला संगणक. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० आला आणि देशभरातले संशोधक आपल्या कार्डांचे गठ्ठे तिथे चालवू लागले. आज लाखोंना नोकरी देणाऱ्या टीसीएसची १९६८ मध्ये सुरुवात झाली तेव्हा टाटांच्याच टिस्को कंपनीसाठीची पंच कार्डांची कामं तिच्या पहिल्या कामांत होती. ब्रिटिश संगणक कंपनी आयसीएलची भारतातली उत्पादन शाखा आयसीआयएम तर पुण्यातलीच. आजची झेन्सार ही आयटी कंपनी तिच्यातूनच पुढे आली.

तळेगावहून लोकलने शिवाजीनगरला उतरलं की जवळच सिमला ऑफिस. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून इथे आलं, म्हणून हे नाव. देशभरच्या केंद्रांवरच्या पाऊस-तापमानाच्या हस्तलिखित नोंदी पुण्यात पंच कार्डांवर चढल्या आणि पुढे कार्डांवरून चुंबकीय टेपवर गेल्या. मान्सूनचा जुना आलेख आज पडद्यावर पाहताना, मधे कोणीतरी तो आकडा बोटांनी कागदात कोरला होता, हे सहसा लक्षात येत नाही.

पावसाळा मात्र या कामाचा वैरी. मावळातल्या पावसात दमट हवा लागली की कार्डं फुगत, वाकत आणि संगणकासाठी कार्डं वाचणाऱ्या रीडरमध्ये अडकत. मिनिटाला आठशे कार्डं ओढणाऱ्या रीडरमध्ये एक कार्ड अडकलं की मागच्यांचाही चुराडा. म्हणून कोऱ्या कार्डांची खोकी आधीच एसी खोलीत आणून ठेवत. फाटलेलं कार्ड काढायला पातळ पत्र्याची पट्टी असे. तुकडे जुळवून, वाचून, ते कार्ड पुन्हा पंच करायचं आणि अर्थातच पुन्हा व्हेरिफाय करायचं.

१९७८ मध्ये आयबीएमने भारतातला कारभार गुंडाळला. त्यानंतरच्या वर्षांत कार्डांची जागा टेप, फ्लॉपी आणि टर्मिनलांनी घेतली. बाई टर्मिनलवर बसल्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या. वेगाचं माप मात्र राहिलं. पंचिंगच्या खोलीत वेग शब्दांत मोजत नसत, की किती वेळा दाबली त्यावर मोजत. स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या परीक्षेत डेटा एन्ट्री ऑपरेटरला आजही तासाला किमान ८००० की डिप्रेशन्स लागतात.

तळेगाव, देहूरोड, आकुर्डी, चिंचवडमध्ये त्या खोल्यांत काम केलेली माणसं अजून आहेत, पण दरवर्षी कमी होत आहेत. तुमच्या घरी आई, आत्या, काका यांच्यापैकी कोणी हे काम केलं असेल, तर त्यांना बसवून विचारा: कुठलं यंत्र, कुठलं खातं, शिफ्ट किती वाजता, व्हेरिफायरवर शेजारी कोण बसायचं. फोनवर आवाज रेकॉर्ड करून ठेवा. माळ्यावर कार्डं, कोडिंग शीट किंवा ड्रम कार्ड सापडलं तर रद्दीत घालू नका. मागे पेन्सिलीने साल आणि खातं लिहा आणि जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या ग्रंथपालांना नेऊन दाखवा.