गल्ल्यामागच्या माणसाची नजर

पणजीतील अठरा जून मार्ग हा शहरातील सर्वांत गजबजलेल्या रस्त्यांपैकी एक. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया यांनी मडगाव येथे नागरी स्वातंत्र्याचा लढा पुकारला, त्या दिवसाची स्मृती या नावात आहे. मोठ्या ब्रँडची दालने आणि मोबाइलवरील खरेदी यांच्या स्पर्धेत, मालक स्वतः गल्ल्यावर बसतो अशी पुरुषांच्या कपड्यांची दुकाने आपल्या शहरांतून अजूनही तग धरून आहेत. किमतीची तुलना घरबसल्या होत असताना अशा दुकानाची पायरी का चढावी, याचे उत्तर अंगाच्या मापात आहे.

तयार सदरा ठरावीक आकारात बेतलेला असतो. छातीचे माप सारखे असलेल्या दोघांचे खांदे, पोट आणि हातांची लांबी मात्र सारखी नसते. जाणता दुकानदार आधी ग्राहकाच्या खांद्यांकडे पाहतो, ते उगाच नव्हे. कंबर आत घेता येते, पँटची उंची कमी करता येते. खांदा चुकला तर मात्र बाही उसवून पुन्हा बेत करावा लागतो आणि तो खटाटोप सहसा परवडत नाही. म्हणून खांद्याची शिवण हाडाच्या टोकाशी संपते का, हे प्रथम पाहावे. मग हात वर करावेत, खुर्चीवर बसावे. बटणांमध्ये फट पडली, तर सदरा तंग आहे असे समजावे.

त्यानंतर कपडा उलटा करून पाहावा. टाके लहान आणि एकसारखे आहेत का? शिवणीत पुरेशी माया आहे का? माया असेल तर पुढे कपडा सैल करता येतो. काजाचे धागे सुटलेले नाहीत ना? 'काज' हा शब्द पोर्तुगीज 'काझा'वरून, म्हणजे घर या अर्थाच्या शब्दावरून आला, असे मानतात. बटणाचे घर पक्केच हवे.

कापडाची निवड हवामान पाहून करावी. आपल्या दमट हवेत सुती आणि लिनन घाम टिपतात. लिनन चुरगळते, तो त्याचा दोष नव्हे, स्वभाव आहे. पॉलिएस्टर पावसाळ्यात लवकर वाळते, परंतु घाम शोषत नाही. सुताचा नंबर जितका मोठा, तितका धागा बारीक. पण बारीक धागा अधिक टिकाऊ असतोच असे नाही. सुती कापड पहिल्या धुण्यात आटू शकते, तेव्हा तशी विचारणा अवश्य करावी.

किमतीबाबत एक गोष्ट ध्यानात असावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून प्रति नग २५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यांवर ५ टक्के, तर त्यापुढील कपड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे. बिल मागून घ्यावे. बदलून घेण्याची मुदतही तेव्हाच विचारावी.

दुकानात चार सदरे घालून पाहायचे, आकार जाणून घ्यायचा आणि मागणी मोबाइलवरून नोंदवायची, ही सवय आता वाढते आहे. त्यात दुकानदाराचा वेळ आणि पारख फुकट वापरली जाते. हे व्यवहार असेच चालले, तर एके दिवशी दुकान बंद होईल आणि 'हा आकार तुम्हाला शोभणार नाही' असे स्पष्ट सांगणारा माणूसही त्याबरोबर जाईल. विक्री गमावूनही खरे सांगणारा दुकानदार लाभला, तर पुढची खरेदी त्याच्याकडेच करावी. त्यात त्याच्याइतकेच आपलेही हित आहे.