चमकणारी माती: काळ्या रानातून प्रयोगशाळेपर्यंत

कन्नड तालुक्यातल्या देवगाव रंगारीची काळी रानं मे महिन्यात बघावीत. पाय अडकेल अशा भेगा, आणि पावसाने जोर धरला की तीच जमीन इतकी चिकट होते की वापसा आल्याशिवाय औत घालता येत नाही. फुगण्या-आकसण्याची ही खोड माँटमोरिलोनाइट या खनिजाची. बेसाल्ट झिजून ते तयार होतं. जेमतेम एक नॅनोमीटर जाडीचे ऋणभारित पापुद्रे भाकरीच्या चळतीसारखे एकावर एक, आणि मधल्या फटींत पाणी, कॅल्शियम, सोडियम. हे धनभारित आयन अदलाबदल होऊ शकतात, म्हणून तर ही जमीन खत धरून ठेवते. याच जातीच्या चिकणमातीत कॅल्शियम-सोडियमच्या जागी युरोपियम किंवा टर्बियम बसवलं, सोबत योग्य सेंद्रिय रेणू दिला, की अतिनील दिव्याखाली ती लाल किंवा हिरवी उजळते. चमकते ती माती नव्हे, आत बसलेलं मूलद्रव्य.

मग आपल्याच रानातली ढेकळं का वापरू नयेत? कारण लोह. बेसाल्टच्या मातीत ते भरपूर असतं आणि युरोपियमला मिळालेली ऊर्जा प्रकाश होण्याआधीच गिळून तिची उष्णता करून टाकतं. म्हणून संशोधक बहुधा लॅपोनाइट ही कारखान्यात बनवलेली, जवळजवळ लोहमुक्त माती घेतात. ती मॅग्नेशियम आणि थोड्या लिथियमचं सिलिकेट असते. पाण्यात दोन-तीन टक्के मिसळली तरी काचेसारखी पारदर्शक जेली होते. कपाशीला उत्तम असलेली जमीन या कामाला नापास होते, त्यात तिचा काही दोष नाही.

‘चमकतं म्हणजे किरणोत्सारी’ हा सर्वांत चिवट गैरसमज. दुचाकीवर आणि उसाच्या ट्रॉलीमागे आपण जे ‘रेडियम’ चिकटवतो, त्यात रेडियमचा कणही नसतो. समोरून आलेला हेडलाइटचा झोत ते परत पाठवतं, एवढंच. खरं रेडियम 1898 मध्ये सापडलं आणि पुढे घड्याळांच्या तबकड्यांवर लागलं. अमेरिकेत त्या रंगवणाऱ्या मुली ब्रशचं टोक ओठांनी सारखं करत, आणि त्यातल्या कित्येकींची हाडं पोखरली गेली. युरोपियमचा उजेड या प्रकारचा नाही. बाहेरून आलेला अतिनील प्रकाश घेऊन तो दृश्य रंगात परत देणं, एवढंच इथे घडतं. गोंधळाला एक निमित्त मात्र आहे: युरोपियमसारखी दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं केरळ, तमिळनाडू आणि ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या ज्या मोनाझाइट वाळूत मिळतात, तिच्यात किरणोत्सारी थोरियमही असतं. ते वेगळं काढावं लागतं.

‘दुर्मिळ’ हे विशेषणही फसवं आहे. पृथ्वीच्या कवचात सिरियम साधारण तांब्याइतकं आहे. युरोपियम टनामागे दोनेक ग्रॅम, म्हणजे चांदीपेक्षा कितीतरी जास्त. अडचण ती विखुरलेली असण्याची, आणि रसायनात जुळ्या भावंडांसारखी वागणारी ही मूलद्रव्यं एकमेकांपासून सोडवण्याची.

दिवा बंद केल्यावर रात्रभर चमकेल, ही अपेक्षाही ठेवू नये. मुलांच्या खोलीत छताला लावतात त्या चांदण्यांत बहुतेकदा स्ट्राँशियम ॲल्युमिनेट असतं. त्यात युरोपियमसोबत डिस्प्रोशियम घालतात, म्हणून ऊर्जा अडकून पडते आणि तासन्‌तास सुटत राहते. मातीतल्या युरोपियमची चमक फार तर काही मिलिसेकंदांत विझते.

आणि जास्त युरोपियम घातलं की जास्त उजेड, हेही खरं नाही. एकट्या युरोपियमला प्रकाश शोषणंच फारसं जमत नाही. 1942 मध्ये संशोधक वाइसमन यांनी दाखवलं की, भोवती ठरावीक सेंद्रिय रेणू असतील तर तेच प्रकाश शोषून ऊर्जा आतल्या युरोपियमकडे पोचवतात. सोबतचा वैरी पाणी. पाण्यातले ऑक्सिजन-हायड्रोजन बंध थरथरतात आणि ती ऊर्जा पळवतात: साध्या पाण्यात युरोपियमची चमक साधारण 0.1 मिलिसेकंद टिकते, ज्यातला हायड्रोजन जास्त वजनाचा असतो त्या जड पाण्यात त्याच्या वीसपटीहून जास्त. आता अडचण बघा. पाणी धरून ठेवणं हा तर या मातीचा स्वभावच. म्हणूनच सेंद्रिय रेणू दुहेरी काम करतात, ऊर्जा पुरवतात आणि फटीतलं पाणीही हुसकावतात. या विषयातली निम्मी मेहनत मला वाटतं इथेच खर्च होते.

घर उजळायला ही माती येणार नाही. पारदर्शक पातळ थर, पाण्यातले घटक ओळखणारे संवेदक, बनावट माल पकडणारी शाई अशा कामांसाठी तिचे प्रयोग चालू आहेत, आणि बरंचसं अजून प्रयोगशाळेतच आहे. दुर्मिळ मृदांच्या कुळातली दुसरी मंडळी मात्र केव्हाच घरात आलीत: पांढऱ्या एलईडीच्या पोटातल्या पिवळ्या लेपात सहसा सिरियम असतं.

अतिनील प्रकाशाखाली चमकणं म्हणजे काय हे पाहायचं असेल, तर नोटा तपासायचा दिवा नोटेवर धरा. क्रमांकाची शाई उजळेल. ती शाई म्हणजे ही माती नव्हे, पण अदृश्य प्रकाश घेऊन दृश्य प्रकाश देण्याची रीत तीच. तो दिवा मात्र थेट डोळ्यांवर धरू नका.