ल्युटेशियम घेऊन घरी आल्यावर

● औषध : ल्युटेशियम-१७७ पीएसएमए. शिरेतून देतात, पसरलेल्या प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशींना चिकटून तिथंच किरणोत्सर्ग करतं. साधारण दर ६ आठवड्यांनी, जास्तीत जास्त ६ डोस.

● जोर : सुमारे साडेसहा दिवसांत किरणोत्सर्ग निम्मा होतो, बराचसा लघवीवाटे जातो.

● परतीचा प्रवास : मुंबई-पुण्याहून बीडला एसटीने रात्रभर इतरांच्या शेजारी बसून यायचं का, हे डॉक्टरांना आधीच विचारा.

● पहिले काही दिवस : अंथरूण वेगळं. नातवंडं, गरोदर लेक-सून लांब. लघवी बसूनच; नंतर दोनदा पाणी ओता. माखलेले कपडे हातमोजे घालून वेगळे धुवा.

● जेवण : तोंड कोरडं पडतं, भाकरी दुधात कुस्करून द्या.

● पुढच्या डोसआधी : रक्तपेशी, किडनीची तपासणी. ती अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात होते का, याची चौकशी करा.