शरद ऋतूतील वारा आणि भाडेतत्त्वावरील सागरी मासेमारी : माँटॉक बंदराच्या संदर्भात

प्रस्तावना :
अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात, लाँग आयलंडच्या पूर्व टोकावर माँटॉक हे मासेमारी बंदर आहे. हौशी मासेमारांना शुल्क घेऊन समुद्रात नेणे हा येथील एक प्रमुख व्यवसाय होय. त्याचे दोन प्रकार आढळतात. एका गटाने कप्तानासह संपूर्ण नौका भाड्याने घेतल्यास ती 'चार्टर' सफर ठरते. प्रतिव्यक्ती शुल्क घेऊन अनेकांना एकत्र नेणाऱ्या नौकेस 'पार्टी बोट' म्हणतात. सप्टेंबर ते नोव्हेंबर हा या व्यवसायाच्या ऐन हंगामाचा काळ असून तोच वादळी वाऱ्यांचाही काळ आहे. या दोहोंच्या परस्परसंबंधाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मासा व वारा – एक समान कारण :
येथील प्रमुख आकर्षण म्हणजे स्ट्राइप्ड बास हा पट्टेरी मासा. चेसापीक उपसागरास मिळणाऱ्या नद्या, हडसन नदी इत्यादी ठिकाणी तो वसंत ऋतूत अंडी घालतो, उन्हाळा उत्तरेकडील किनाऱ्यावर घालवतो आणि पाणी थंड होऊ लागताच दक्षिणेकडे परततो. त्याच सुमारास खाड्यांमधील लहान माशांचे थवे खुल्या समुद्रात येतात व त्यांवर हे मासे ताव मारतात. मात्र खंडावरील हवा समुद्रापेक्षा लवकर थंड होते. तापमानातील या तफावतीमुळे कमी दाबाची क्षेत्रे बळावतात, शीत आघाड्या वारंवार येतात आणि ईशान्येकडील वादळे किनाऱ्यास झोडपतात. म्हणजेच ऋतूचे थंडावणे मासाही आणते आणि वाराही.

वाऱ्याचे कार्य :
वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग 15 नॉटवरून 30 नॉट झाल्यास दाब चौपट होतो. लाटांची उंची वाऱ्याचा वेग, त्याचा कालावधी आणि त्यास लाभलेला खुल्या पाण्याचा पल्ला या तीन घटकांवर अवलंबून असते. म्हणूनच वायव्येचा वारा असता माँटॉकच्या दक्षिण बाजूस जमिनीचा आडोसा मिळतो; ईशान्येचा वारा असता तो मिळत नाही.

याहून महत्त्वाचा घटक म्हणजे भरती-ओहोटीचा प्रवाह. वारा प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने वाहू लागला की लाटा आखूड, उंच व उभ्या होतात. याउलट दोहोंची दिशा एकच असल्यास समुद्र तुलनेने सौम्य भासतो. परंतु नौका इतक्या वेगाने वाहत जाते की गळ तळाशी टिकत नाही. तेव्हा पाण्यात कापडी शंकू सोडून नौकेची गती कमी केली जाते.

1951 ची दुर्घटना :
1 सप्टेंबर 1951 रोजी 'पेलिकन' ही नौका 64 जणांना घेऊन माँटॉकजवळच्या समुद्रात गेली होती. परतीच्या वाटेवर वारा पालटून ईशान्येकडून वाहू लागला, त्यातच एक इंजिन बंद पडले, आणि माँटॉक टोकाजवळ लाटांच्या माऱ्याने नौका उलटली. कप्तानासह 45 जण मृत्युमुखी पडले. अशा दुर्घटनांच्या पार्श्वभूमीवर 1956 मध्ये सहापेक्षा अधिक प्रवासी नेणाऱ्या नौकांची तपासणी कायद्याने बंधनकारक झाली. आजही अनेक चार्टर नौका सहाच प्रवासी नेतात, त्यामागे हीच मर्यादा आहे.

निर्णयाचा प्रश्न :
या किनाऱ्यावर वारा 25 ते 33 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 46 ते 61 किलोमीटर असल्यास, अथवा लाटा 5 फुटांहून उंच असल्यास, राष्ट्रीय हवामान सेवा लहान नौकांसाठी सावधानतेची सूचना देते. तथापि ही सूचना म्हणजे बंदी नव्हे. सफर रद्द केल्यास कप्तानाचे त्या दिवसाचे उत्पन्न बुडते, दुरून आलेले ग्राहक नाराज होतात आणि हंगामाचे दिवस तर मोजकेच असतात. शिवाय वारा सहन करण्याची क्षमता नौकेपेक्षा प्रवाशांत बहुधा कमी असते. धोक्याचे आकलन मात्र त्यांना नसते.

निष्कर्ष :
केवळ वाऱ्याच्या वेगावरून सफरीचा निर्णय घेता येत नाही. दिशा, प्रवाहाची वेळ, आडोसा आणि परतीचा मार्ग यांचा एकत्रित विचार आवश्यक ठरतो. कायदा प्रवाशांची संख्या व नौकेची स्थिती नियंत्रित करू शकतो. बंदरातच थांबण्याचा विवेक मात्र कप्तानालाच दाखवावा लागतो.