पिलातुसचं तळं आणि लोखरचे आडवे दात

आज एका बदनाम डोंगराची गोष्ट.

स्वित्झर्लंडमध्ये तळ्याकाठी वसलेलं लुझर्न नावाचं शहर आहे. त्याच्या डोक्याशीच हा डोंगर, पिलातुस. उंची २,१२८ मीटर. आल्प्समध्ये याच्या दुप्पट उंचीची शिखरं आहेत, पण ती आत, दाटीत उभी. हा मात्र पहिल्या रांगेत, सपाटीकडे तोंड करून.

जुने लोक सांगत, येशूला सुळावर चढवायचा हुकूम देणाऱ्या पिलात या रोमन अधिकाऱ्याचं प्रेत कुठल्याच नदीत टिकेना. जिथे टाकावं तिथे वादळ उठे. शेवटी या डोंगरावरच्या एका लहानशा तळ्यात ते बुडवलं. तळ्यात कुणी दगड टाकला की पिलात खवळतो आणि शहरावर वादळ सोडतो! भीती एवढी, की वर जायला लुझर्नच्या नगरसभेची बंदी होती. १३८७ साली सहा धर्मगुरू वर जायला निघाले, तर त्यांना चक्क तुरुंगात टाकलं.

मग १५८५ साली लुझर्नचेच धर्मगुरू योहान म्युलर लोकांना घेऊन त्या तळ्यावर गेले. त्यांनी पाण्यात दगड फेकले, पिलाताला हाका मारल्या, ललकारलं. काही झालं नाही. पुढे १५९४ मध्ये नगरसभेनं काठ फोडून तळंच रिकामं केलं. मला हे म्युलर फार आवडतात. वाद घालत बसण्यापेक्षा त्यांनी सरळ दगड उचलला.

पण वादळं काही खोटी नव्हती हं. सपाटीवरून आलेला दमट वारा या पहिल्याच भिंतीला थडकतो आणि वर चढतो. वर हवेचा दाब कमी, म्हणून वारा फुगतो. फुगताना थंड होतो आणि त्यातल्या वाफेचे थेंब बनतात. झाला ढग! म्हणून तर हा डोंगर कितीदा तरी ढगाची टोपी घालून बसलेला दिसतो. उन्हाळी दुपारी हीच हवा जोरात उसळली की गडगडाट, विजा. तळं आटवलं तरी वादळं येतच राहिली, ती याचमुळे.

आता अशा डोंगरावर आगगाडी न्यायची कशी? आपल्या खंडाळ्याच्या घाटात ३७ मीटर पुढे गेल्यावर गाडी १ मीटर चढते, आणि तेवढ्यालाही मागून ढकलायला बँकर इंजिनं लावावी लागतात. पिलातुसवर सर्वांत उभ्या जागी १०० मीटरला ४८ मीटर चढ आहे!

ही गाडी येण्याआधी डोंगरी गाड्यांच्या रुळांमध्ये दात्यांची पट्टी असे. दाते वर तोंड करून, आणि गाडीखालचं दातेरी चाक त्यांत अडकत अडकत चढे. पण चढ फारच उभा झाला, की चाक दात्यांवरून वर निसटायचा धोका. झुरिकचे अभियंते एडुआर्ड लोखर यांनी दाते पट्टीच्या दोन्ही बाजूंना आडवे काढले आणि चाकंही आडवी निजवली, एक डावीकडे, एक उजवीकडे. दोघं मिळून पट्टी मध्ये घट्ट धरतात, मग निसटायचं कुठून? शिवाय चाकांखालची कड पट्टीच्या खाली जाते, त्यामुळे आडव्या वाऱ्यानंही डबा उलटत नाही. वादळी डोंगराची नाडी या माणसाला बरोब्बर कळली होती! चढ उभा केल्यानं वाटही आखूड झाली, जेमतेम ४.६ किलोमीटर. १८८९ साली वाफेवर गाडी सुरू झाली, १९३७ पासून ती विजेवर धावते. दातेरी रुळांची इतकी उभी गाडी आजही जगात दुसरी नाही.

जाणारे लोक लुझर्नहून बोटीनं आल्पनाखश्टाडला उतरतात, तिथून या गाडीनं वर, आणि पलीकडच्या अंगानं हवेतल्या पाळण्यातून क्रीन्सला खाली. वर पोचलात की पायाखालच्या चुनखडीकडे नीट बघा. तो समुद्राचा तळ होता. आफ्रिका युरोपवर रेटत आली, तेव्हा घड्या पडून एवढा वर आला.

हिवाळ्यात बर्फामुळे गाडी बंद असते, पाळणा मात्र चालू असतो. आणि उन्हाळ्यात गेलात तरी स्वेटर घ्या बरं. लुझर्नच्या तळ्यापासून माथा सोळाशे मीटरहून उंच आहे, आणि दर हजार मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते. हिशेब तुम्हीच करा.