साखळीचं दुसरं टोक

‘घाबरू नका, काही करत नाही तो!’ कुत्र्याच्या मालकाच्या तोंडून हे वाक्य आपण सगळ्यांनीच कधी ना कधी ऐकलेलं असतं. मालक खोटं बोलत नसतो. घरात तो कुत्रा खरोखरच काही करत नाही. नातवंडं त्याचे कान ओढतात, अंगावर लोळतात आणि तो बिचारा डोळे मिटून पडून राहतो. पण घरातल्या माणसांशी तो कसा वागतो, यावरून वाटेवरच्या शेळीशी कसा वागेल हे सांगता येत नाही. पळणारं जनावर दिसलं की त्याच्या मागे धावायचं, ही गोष्ट त्याच्या रक्तातच आहे. जोडीला दुसरा कुत्रा असला तर तो आणखी धीट होतो. यात दुष्टपणा काही नाही. म्हणूनच जबाबदारीही त्याची नाही, त्याच्या मालकाची आहे.

आमचं चांदवड हे मुंबई-आग्रा महामार्गावरचं, डोंगराच्या कुशीतलं गाव. रेणुकामातेचं मंदिर आणि होळकरांचा रंगमहाल यांसाठी लोक ते ओळखतात. इथं गाव कुठं संपतं आणि मळे कुठं सुरू होतात, हे बोट दाखवून सांगणं अवघड. पूर्वी मळ्यात राखणीला गावठी कुत्रं असे, भाकरीच्या तुकड्यावर ते खूश असे. आता बंगले झाले, लॅब्राडोर आणि जर्मन शेफर्ड आले, फाटकावर ‘कुत्र्यापासून सावध’ अशी पाटी आली. हौसेला कोण नावं ठेवणार? दत्तगुरूंच्या पायाशी आणि खंडोबाच्या घोड्याबरोबर कुत्र्याला मानाची जागा देणारी माणसं आपण. मात्र ती पाटी फाटकाच्या आतल्या धोक्यापुरती असते. कुत्रा फाटकाबाहेर पडला की तिचा कुणाला काय उपयोग?

आमच्या घरामागं एक आजी दोन शेळ्या सांभाळून राहतात. शेळीला गरिबाची गाय म्हणतात. मला विचाराल तर ती गरिबाची बँकसुद्धा आहे. औषधपाणी, लेकीचं माहेरपण, नातवाची फी, सगळं त्या दोन शेळ्यांच्या करडांवर. एका सकाळी जवळच्या बंगल्यातला मोकळा सोडलेला कुत्रा आला आणि त्यानं बांधलेली गाभण शेळी मानेला धरली. आम्ही काठ्या घेऊन धावलो तोवर सगळं संपलं होतं. बंगल्याच्या मालकांना बोलावलं, तर त्यांचा पहिला प्रश्न : ‘माझ्याच कुत्र्यानं मारली कशावरून?’ आजी भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, ‘बिबट्यानं नेली असती, तर सायेब तरी आला असता बघायला.’

ते वाक्य माझ्या मनातून जाता जात नाही, कारण ते अक्षरशः खरं आहे. नाशिक जिल्ह्याला बिबट्या नवा नाही. त्यानं शेळी मारली तर वनखात्याची माणसं येतात, पंचनामा होतो, शासनाची भरपाई मिळते. पाळलेल्या कुत्र्यानं मारली तर असं कोणतंच खातं येत नाही. कायदा बघावा, तर १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम २८९ होतं. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ आलं. ताब्यातल्या जनावराबाबत हयगय करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण हे कलम बोलतं ते माणसाच्या जिवाच्या आणि माणसाला होणाऱ्या गंभीर दुखापतीच्या धोक्याबद्दल. शेळी त्यात कुठं बसत नाही. नुकसानभरपाईचा दिवाणी दावा करता येतो. पण एका शेळीसाठी कोर्टाच्या पायऱ्या कोण झिजवणार?

मेंढपाळांचा मुलूख असलेल्या इंग्लंडनं हा प्रश्न फार पूर्वी ओळखला. तिथल्या १९५३ च्या कायद्यानुसार शेतजमिनीवर कुत्र्यानं मेंढ्यांना, गुरांना सतावलं तर तो मालकाचा गुन्हा ठरतो. १९७१ च्या कायद्यानं पाळीव जनावर मारलं गेल्यास, काही अपवाद सोडले तर, भरपाईही कुत्रा बाळगणाऱ्यावरच टाकली. ‘माझा कुत्रा यापूर्वी कधी असं वागला नव्हता’ ही सबब तिथं चालत नाही. आपल्याकडे ती अजून बिनदिक्कत चालते.

मग कुत्रा चोवीस तास बांधून ठेवायचा का? तसं नव्हे. कायम साखळीला असलेला कुत्रा चिडका होतो. अशा कुत्र्याला पुरेसं फिरवून न आणणं, ही प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यानुसार क्रूरताच आहे. त्याला रोज फिरवावं, पण साखळी ज्याला खरोखर आवरता येते अशा मोठ्या माणसानं; सात-आठ वर्षांच्या पोराच्या हाती देऊन नव्हे. रेबीजची लस दरवर्षी टोचून घ्यावी. कुत्रा एखाद्या जनावराला चावलाच, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुऊन लगेच पशुवैद्यांना दाखवावी, कारण रेबीज शेळी-गाईलाही होतो आणि चावल्यानंतरची लस त्यांनाही देतात. हा खर्चही कुत्र्याच्या मालकानंच, न मागता, करायला हवा.

कायदा बदलायचा तेव्हा बदलेल. आपल्या गावांत माणसं अजून एकमेकांना नावानं ओळखतात, लग्नकार्याला एकमेकांच्या मांडवात जातात. ज्याचं जनावर गेलं त्याच्या दाराशी आपण होऊन जावं आणि म्हणावं, ‘माझ्या कुत्र्यानं केलं, नुकसान माझ्याकडं.’ एवढ्यासाठी कलम लागत नाही. साखळीचं एक टोक कुत्र्याच्या गळ्यात असतं. दुसरं टोक कुणाच्या हातात आहे, ते अशाच वेळी कळतं.