दैवाचा भरंवसा आणि दुष्काळाची तरतूद

दुष्काळपीडितांस द्रव्य देणारे सद्गृहस्थ आम्हांस वारंवार विचारतात, कीं ज्या मुलखांत अवर्षण वरचेवर पडतें, तेथील गरीब कुटुंबें आधीं तरतूद कां करीत नाहींत? ‘लोक दैववादी आहेत,’ असें उत्तरही तेच देतात. हें उत्तर अर्धेंच खरें आहे.

समजुतीचा परिणाम तरतुदीवर होतो, हें निर्विवाद. बुलढाणा जिल्ह्यांतील भेंडवळ येथें अक्षय्य तृतीयेस घट मांडतात. त्यांतील धान्यें व पावसाच्या चार महिन्यांचीं म्हणून ठेवलेलीं चार ढेकळें पाहून दुसरे दिवशीं पहाटे पीकपाण्याचें भाकीत होतें. त्यास शास्त्राचा आधार नाहीं. तथापि ‘साल चांगलें’ ऐकून जो कणगींतील धान्य विकून बसेल, तो पाऊस फिरतांच उघडा पडेल. उलट, बियाणें मोडून खाऊं नये हा घरोघरचा दंडकही समजूतच होय. पण तो पुढील पेरणी राखतो.

मात्र पेव भरण्यास आधीं धान्य उरावें लागतें. ज्याचें पीक खळ्यावरूनच देण्यांत जातें, त्यानें काय सांठवावें? हात रिकामे असले म्हणजे दैवाचाच आधार वाटूं लागतो. परंतु उपाय दिसतांच हींच माणसें उठतात. १८७७ सालीं सर रिचर्ड टेंपल यांच्या शिफारशीवरून दुष्काळी कामांवरील मजुरी एक पौंड धान्याच्या मानावर आणली, तेव्हां मुंबई इलाख्यांतील हजारों मजुरांनीं कामें सोडून निषेध केला. १९७२ च्या दुष्काळांत महाराष्ट्रांत कामें निघालीं, तेव्हां १९७३ च्या उन्हाळ्यांत सुमारें ५० लक्ष माणसें त्यांवर राबत होतीं. हीं दैवावर हवाला ठेवून बसणाऱ्यांचीं लक्षणें नव्हेत.

एक समजूत दात्यांचीही आहे: दान दुष्काळ पडल्यावर करावयाचें. तोंवर बैल बाजारांत गेलेले असतात व भांडीं गहाण पडलेलीं असतात. म्हणून आमची नम्र विनंति अशी, कीं व्यापाऱ्यांनीं सुगींत, भाव उतरलेला असतां, धान्य घेऊन गांवच्या कोठारांत ठेवावें. जमीनदारांनीं कडबा व गंजीस जागा द्यावी. आणि देवदानधर्माची थट्टा न करितां वेधशाळेचा अंदाज गांवोगांव समजावून सांगण्यास साह्य करावें. घरांत चार पायल्या शिल्लक राहिल्या, म्हणजे उद्यांचा विचार करण्याचें बळ आपोआप येतें.